कार्डिगनची उसवण

यंदा मावशीनं माझ्यासाठी कार्डिगन विणायला घेतलं. मला मापाला उभं करून म्हणाली, "बाही साधी घालू की रॅगलन?"

"कार्डिगनला रॅगलन नको गं. टोचतील एकमेकांना."

"टोचायला काय झालं? लोकर मऊ आहे."

मग सांगावंच लागलं. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात लॉर्ड रॅगलन इंग्रजांचा सरसेनापती होता आणि लॉर्ड कार्डिगन त्याच्या हाताखाली घोडदळात. रॅगलनला हात एकच, कारण उजवा वॉटर्लूच्या लढाईत गेलेला. कापलेला हात उचलून नेणाऱ्याला त्यानं हाक मारून थांबवलं म्हणे. बोटात बायकोनं दिलेली अंगठी होती. अशा माणसाचं नाव राहिलं ते बाहीला!

२५ ऑक्टोबरला बालाक्लाव्हापाशी त्यानं टेकडीवरून हुकूम धाडला, शत्रूला तोफा नेऊ देऊ नका. कुठल्या तोफा ते टेकडीवरून दिसत होतं, खालून दिसत नव्हतं. हुकूम पोचला लॉर्ड लुकनकडे, म्हणजे कार्डिगनच्या मेव्हण्याकडे, आणि या दोघांमधून विस्तव जात नव्हता. घरोघरी मातीच्या चुली. नीट विचारपूस न करताच साडेसहाशेवर स्वार रशियन तोफांच्या तोंडी गेले, शंभरावर मेले. सर्वांत पुढे असलेला कार्डिगन धडधाकट परतला आणि बंदरातल्या स्वतःच्या यॉटवर मुक्कामाला गेला. शिपाई चिखलात, तंबूत.

त्या गावाचंही नाव वाया गेलं नाही. इंग्रज ज्या टोपीला बालाक्लाव्हा म्हणतात, ती आपली माकडटोपी. एवढ्या फजितीतून त्यांनी थंडीचे कपडे काढले! आपल्याकडे परीक्षेत पानिपत होतं, निवडणुकीत होतं, पण त्यातून साधा हातरुमाल निघालेला नाही. माणसांची नावं तर आपण नावं ठेवायलाच वापरतो. मी ताटावर उशिरा आलो की हीच मावशी म्हणते, "मोठा बाजीराव लागून गेलास!"

मावशीच्या सुया थांबल्या होत्या.

"पोरं चिखलात नि हा मेला बोटीवर?"

"हो."

"आणि तो एका हाताचा?"

"तो छावणीतच वारला, पुढच्या वर्षी."

तिनं एक लांब धागा ओढला आणि बटणपट्टी सरसर उसवली.

स्वेटर परवा आला. पुढून बंद, बाह्या रॅगलन. उरलेल्या लोकरीची माकडटोपी.