पुढील वसतिगृह, कुर्ला

मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात संध्याकाळनंतरही जाग असावी, विद्यार्थ्यांनी तिथे राहावं, रमावं, भांडावं, अशी इच्छा कुणी ना कुणी अधूनमधून बोलून दाखवतं. इच्छा रास्त आहे. सव्वादोनशे एकरांहून मोठी जागा, तीही बीकेसीला खेटून! आसपासच्या चौरस फुटाचा नुसता भाव विचारला तरी घाम फुटतो. आणि इथे मोजकी वसतिगृहं सोडली, तर दिवेलागणीनंतर उरतात ती झाडं, वॉचमन आणि मांजरं. मुंबईत एवढी ऐसपैस जागा मिळालेली मांजरं दुसरीकडे नसावीत.

पण विद्यापीठाला नावं ठेवण्यापूर्वी इतिहास बघावा. १८५७ साली ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झालं ते परीक्षा घेण्यासाठी आणि पदव्या देण्यासाठी. शिकवायचं काम कॉलेजांचं. विद्यार्थ्याने यावं, पेपर लिहावा आणि चालू लागावं, अशीच मूळ योजना होती. इतका जुना वारसा एवढ्या निष्ठेने जपणारी संस्था आपल्याकडे विरळाच.

आता विद्यार्थी पाहा. तो कर्जतहून, कसाऱ्याहून, विरारहून, पनवेलहून येतो. कुर्ल्याला किंवा सांताक्रूझला उतरतो आणि बसच्या किंवा शेअर रिक्षाच्या रांगेत उभा राहतो. कर्जतकराचे येऊन-जाऊन तीन तास सहज जातात. लेक्चर संपल्यावर वर्गाबाहेर केन्स की आंबेडकर असा वाद पेटतो, बाह्या सरसावल्या जातात, नेमका मुद्दा येतो आणि कुणीतरी म्हणतं, ‘‘चला रे, कर्जत चुकेल.’’ वाद तिथेच मिटतो. विद्यापीठाचं नामांकित घड्याळ फोर्टात राजाबाई टॉवरवर आहे. विद्यार्थ्यांचं घड्याळ म्हणजे कुर्ल्याचा इंडिकेटर.

यावर सरकारी पद्धतीचा उपाय कसा असेल, हे सांगायला ज्योतिषी नको. आधी समिती. मग समितीचा अभ्यासदौरा. मग प्रवेशद्वारापाशी सेल्फी पॉइंट. शेवटी ‘चैतन्य महोत्सव’: वेळ सकाळी अकरा ते दुपारी चार, हजेरी सक्तीची, प्रमाणपत्र मिळेल, अल्पोपाहार पहिल्या शंभरांना.

आमची सूचना याहून स्वस्त आहे. विद्यार्थी संकुलात राहायला येत नसेल, तर तो जिथे राहतो त्यालाच संकुल म्हणावं. लोकलचा डबा अधिकृत वसतिगृह घोषित करावा. निवासी जीवनात जे जे असायला हवं ते तिथे आहे. ज्येष्ठता आहे: खिडकी कुणाची, चौथी सीट कुणाची, हे ठरलेलं असतं आणि नवख्याला ते तोंडी परीक्षेशिवाय समजतं. संगीत विभाग आहे: भजनी मंडळ टाळांसह हजर. लेडीज डब्यात वाढदिवस, हळदीकुंकू, डोहाळजेवण, सगळं होतं. दसऱ्याला डब्याला तोरण लागतं. कलिन्यातल्या किती वर्गांना लागतं, ते मोजून पाहावं. सेमिस्टरची तयारीही तिथेच होते, एका हाताने कडी आणि दुसऱ्या हाताने झेरॉक्स धरून. रेक्टर म्हणून टीसी आहेच. शिवाय कन्सेशनचा फॉर्म भरला की प्रवेश निश्चित. ‘खोल्या भरल्या’ असं इथे आजवर कुणी म्हटलेलं नाही.

विद्यापीठाचं मूल्यांकन करायला येणाऱ्या नॅकच्या पथकालाही वातानुकूलित सभागृहात फुलं देण्याऐवजी सकाळच्या गर्दीत डोंबिवलीला चढवावं. चढता आलं, तर ‘विद्यार्थी सहभाग’ या सदराखाली त्यांना वेगळं काही दाखवायला नको. चढता आलं नाही, तर मागणी प्रचंड असल्याचा तोच पुरावा.

हे पटत नसेल, तर दुसरा उपाय अगदीच नीरस आहे आणि त्यात उद्घाटनाला एकदाच फीत कापता येते. खोल्या बांधायच्या, आणि कलिना-वाकोल्यात कॉट बेसिसवर जे पैसे मोजावे लागतात त्याहून बऱ्याच कमी भाड्यात त्या द्यायच्या. मेसमध्ये खाता येईल असं जेवण करायचं. ग्रंथालय रात्री उघडं ठेवायचं आणि तिथून खोलीपर्यंत मुलगी एकटी बिनघोर चालत जाईल एवढे दिवे रस्त्यावर लावायचे. याच शहरात पवईच्या आयआयटीने वसतिगृह हा शिक्षणाचाच भाग मानला. तिथे चैतन्य आणण्यासाठी समिती नेमल्याचं आमच्या कानावर नाही.

मुलं एकत्र राहिली की नाटकं बसतात, मासिकं निघतात, मोर्चे निघतात आणि प्रशासनाची झोप उडते. कदाचित म्हणूनच सेल्फी पॉइंट अधिक सुरक्षित वाटत असावा. तरीही विद्यापीठाला एक विनंती: पुढचा कुठलाही महोत्सव संध्याकाळी सातला सुरू करावा आणि नऊला सभागृहात किती जण उरतात ते मोजावं. तेवढ्या एका आकड्यावर समितीचा अख्खा अहवाल लिहून होईल.