सचित्र सायकलस्वार

मनीषनगरातील कोणत्याही सायकलमंडळात एक तरी गृहस्थ असे आढळतात, की ज्यांच्या लेखी सायकल हे छायाचित्राचा विषय जागेवर पोहोचविण्याचे वाहन असून तो विषयही पुन्हा सायकलच असतो. थंडीत सेवाग्रामची सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरांची सफर ठरली, की इतर मंडळी चाकांतील हवा, पंक्चरचे सामान आणि पाणी यांची तजवीज पाहतात. हे मात्र आदल्या रात्री कॅमेऱ्याच्या बंदोबस्तात गर्क असतात. तो हँडलवरच्या पिशवीत ठेवावा तर हादऱ्यांनी भिंगाचे स्क्रू सैल होतात, आणि पाठीवर घ्यावा तर हादरे पाठ सोसते पण घाम कॅमेऱ्यास सोसावा लागतो. हा तंटा त्यांच्या दरबारी कायमचा तहकूब आहे.

पहाटे निघालेली मंडळी बुटीबोरीस दुसरा चहा घेत असता हे खापरीच्या आसपास एका बाभळीस सायकल टेकवून, साखळीची बाजू पुढे आणि पायडल आडवे, अशा इतमामाने तिची तसबीर घेत असतात. पुढे केळझरच्या टेकडीपाशी, फिरते चाक फिरतेच दिसावे म्हणून योजलेले सेकंदाच्या तिसाव्या हिश्श्याचे गणित हुकले, की सोबत्यांना फर्मान सुटते, “जराशीक मागं जाऊन परत या न भाऊ!” भाऊ जातात आणि परतही येतात, वैदर्भी माणूस तोंडाने फटकळ, पण मुळात फार भिडस्त.

1946 साली मार्गारेट बर्क-व्हाइट या अमेरिकन छायाचित्रकर्तीस, गांधीजींचे चरख्यासह चित्र घेण्यापूर्वी सूत कातावयास शिकावे लागले, ही कथा ते पवनारपासून सांगत येतात. ते चित्र पुण्यास घेतलेले आहे, ही क्षुल्लक बाब ते मनावर घेत नाहीत. आणि ह्यांनाही कोणी तशीच अट घातली असती तर आम्ही दुपारच्या जेवणास वेळेवर पोहोचलो असतो, हे आम्ही भिडेपोटी बोलत नाही.

सेवाग्रामी सायकल झाडाखाली, सायकल फाटकाशी, सायकल पाटीसमोर, असा साद्यंत पंचनामा होतो. रात्री मनीषनगरास परतल्यावर घरची मंडळी ती चित्रे निमूटपणे पाहतात आणि शेवटी पत्नी विचारते, “बापूकुटी आतून कशी आहे हो?” त्यावर, आत सायकल नेऊ देत नाहीत, असा खुलासा ते किंचित रोषाने करतात.