राजमान्य मंत्रालय साहेबांस वऱ्हाडातून शिरसाष्टांग

राजमान्य राजेश्री मंत्रालय साहेब,
मुक्काम मुंबई ३२, यांचे सेवेशी

अमरावती-अकोल्याकडच्या एका वऱ्हाडी माणसाचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

पत्रास कारण की, आम्ही आपल्या घरी नांदायला आलो त्याला पुष्कळ वर्षं लोटली आणि आभाराचं पत्र काही आपल्याला गेलं नाही. ३१ ऑक्टोबर १९५६ च्या रात्री आम्ही मध्य प्रदेशात झोपलो आणि सकाळी मुंबई राज्यात उठलो. पुढे १ मे १९६० ला महाराष्ट्रात आलो. कोणी गाठोडं बांधलं नाही, बैलगाडी जुंपली नाही. वावर तेच, विहीर तीच, पऱ्हाटी तीच, बदलली ती राजधानी. घर न सोडता नव्या राज्यात राहायला गेलेली आम्ही माणसं, तेव्हा जुन्या-नव्याची तुलना करण्याचा थोडा अधिकार आमच्याकडे असावा. आपण मोठ्या मनाने ऐकून घ्याल याची खात्री आहे.

पहिले आभार भाषेचे. जुन्या घरी नागपुरात पंडित रविशंकर शुक्लांचं सरकार होतं आणि कारभारात मराठी हिंदीच्या शेजारी अंग चोरून बसायची. आपल्या घरात ती ऐसपैस बसली. हे उपकार खरे आहेत आणि आम्ही ते मानतो. आमच्या आजोबांच्या पिढीने संयुक्त महाराष्ट्र मागितला तो याचसाठी. त्याच वेळी अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी आणि यवतमाळचे लोकनायक बापूजी अणे वेगळ्या विदर्भाचा आग्रह धरून बसले होते आणि १९५५ साली राज्य पुनर्रचनेसाठीच्या फाजल अली आयोगाने तशी शिफारसही केली होती. तरी आम्ही आपल्याकडे आलो. आपल्यावर इतका विश्वास टाकला, याबद्दल आपणही कधीतरी आमचे आभार मानलेत तर हरकत नाही.

दुसरे आभार प्रवासाचे. जुन्या राज्यात अमरावतीच्या माणसाचं सचिवालयात काम निघालं तर तो सकाळी नागपूरला जाई आणि रात्री घरी जेवायला येई. दीडशे किलोमीटरची तर वाट. आपण आमचं क्षितिज केवढं विस्तारलं! आता अकोल्याचा शेतकरी संध्याकाळी गाडीत बसतो, साडेपाचशेहून जास्त किलोमीटर रात्रभर डुलक्या घेत काढतो, सकाळी मुंबईत तोंड धुतो आणि प्रवेशपासाच्या रांगेत उभा राहतो. साहेब बैठकीत असतात. फाईल दुसऱ्या टेबलावर असते. मुक्काम वाढतो आणि आमदार निवासात ओळख काढून कोपऱ्यात सतरंजी टाकावी लागते. ज्याच्याकडे भाड्याचे पैसे नाहीत, त्याचं काम मुळात निघतच नाही. एप्रिल २०२५ मध्ये अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचं विमान सुरू झालं, त्याचाही आनंद आहे. कर्जमाफीच्या यादीत नाव शोधणारा माणूस त्यात बसत नाही, एवढंच.

आता जरा हिशेबाचं. माफ करा, आम्ही कापूस विकणारी माणसं, काटा बघायची सवय जात नाही. जुन्या घरीही आमची तक्रार वाट्याचीच होती. इंग्रजांच्या काळात वऱ्हाडच्या कापसाचा पैसा मध्यप्रांताच्या पोटात जातो म्हणून आमचे पुढारी कौन्सिलात भांडायचे. तेव्हा १९२० च्या दशकात सिम सूत्र नावाची वाटणी ठरली. खर्चाच्या वाटून घ्यायच्या रकमेत वऱ्हाडाला दोन वाटे आणि मध्यप्रांताला तीन. न्याय पुरता झाला का, ते इतिहासकार सांगतील. पण परक्या इंग्रजाच्या राज्यातसुद्धा आमचा वाटा आकड्यात लिहिलेला होता आणि तो आकडा पुढे करून भांडता येत होतं.

आपण तर आपली माणसं. आपण त्याहून सुंदर लिहून दिलंत. आधी १९४७ च्या ऑगस्टमध्ये अकोला करार, मग २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार. लोकसंख्येच्या प्रमाणात पैसा, त्याच प्रमाणात नोकऱ्या, तंत्रशिक्षणाच्या जागा. सरकार दरवर्षी ठरावीक काळ नागपूरला हलणार आणि एक अधिवेशन तिथे होणार. करारावर यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे यांच्यासारख्यांच्या सह्या आहेत आणि आमच्या अकोल्याच्या गोपाळराव खेडकरांचीही. आम्ही तो कागद आजही जपून ठेवला आहे. आपल्याकडची प्रत सापडत नसेल तर झेरॉक्स पाठवतो, खर्च आमचा.

अधिवेशनाबद्दल कृतज्ञता किती मानावी! डिसेंबरात थंडी पडली, संत्री पिवळी झाली की आपण सहकुटुंब, सहफायली नागपूरला येता. आठवडा-दोन आठवडे राहता, मोर्चे थोपवता, हुरडा खाता आणि फायली ट्रकमध्ये भरून परत जाता. करारात सरकारने ठरावीक काळ इथे हलावं असं होतं. आपण पाहुणे म्हणून येता आणि पाहुण्याला जाब विचारू नये हे संस्कार आम्हाला आहेत. २०२० आणि २०२१ साली साथीमुळे आपण आलाच नाहीत. त्या दोन वर्षांत इकडचं काय अडलं, याची चौकशी आपल्याकडून झाल्याचं ऐकिवात नाही.

विद्येच्या बाबतीत आपण आम्हाला चिकाटी शिकवलीत. जुन्या राज्यात अमरावतीला १९२३ साली किंग एडवर्ड कॉलेज मिळालं, त्याच साली नागपूरला विद्यापीठ झालं. आपल्या राज्यात कापसाच्या प्रदेशाला कृषी विद्यापीठ हवं म्हणून १९६७ साली अकोल्यात लोकांना रस्त्यावर यावं लागलं. गोळीबार झाला, माणसं गेली. मग १९६९ साली पंजाबराव कृषी विद्यापीठ आलं. देशाचे कृषिमंत्री राहिलेल्या पंजाबराव देशमुखांच्या प्रदेशाला शेतीची शाळा मागायला रक्त सांडावं लागलं, हे लिहिताना आजही माझा हात थांबतो. अमरावती विद्यापीठाला तर १ मे १९८३ उजाडला.

कापसावरचं आपलं प्रेम मात्र निस्सीम. जुन्या घरी बऱ्हाणपूर, खंडवा आमच्याच राज्यात होतं. भाव बरा असेल तिकडे गाडी वळायची. आपण १९७२ पासून एकाधिकार खरेदी आणलीत. हेतू चांगला होता आणि काही वर्षं तिने शेतकऱ्याला आधारही दिला. पण चुकारे रखडले, ग्रेडरच्या मर्जीवर भाव ठरू लागला आणि मेळघाटापलीकडे काल जो बाजार होता तिथे स्वतःच्या वावरातला कापूस नेणारा शेतकरी आपल्या कायद्यात तस्कर झाला. ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ म्हणायचे लोक. ते सोनं आपण आमच्याच घरातून चोरून न्यायला लावलंत.

पाण्याचं सांगू? थोडं निवांत बसा, हे लांबेल. पूर्णेच्या दोन्ही काठांना दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर या भागात खारपाणपट्टा आहे. तिथे विहीर खणली की खारं पाणी लागतं. ते पिकाला दिलं तर काळी जमीन चोपण होते, माणसाने प्यायलं तर मूत्रपिंडावर जातं. म्हणजे इतर ठिकाणी शेतकरी निदान स्वतःच्या विहिरीवर एक पीक काढतो, इथे तीही सोय नाही. पावसावर मूग आणि कापूस घ्यायचा, उरलेल्या ओलीवर हरभरा. इथे धरणाचं गोडं पाणी कालव्याने आणणं आणि पडलेला पाऊस शिवारातच धरणं, एवढाच मार्ग. ज्याला सरकारची गरज सर्वांत जास्त, असा हा पट्टा.

अशा राहून गेलेल्या कामांची, म्हणजे अनुशेषाची, मोजणी आपण अगदी उत्तम केलीत. १९८३ साली दांडेकर समिती नेमलीत. तिने पुढच्या वर्षी राज्याचा अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी सांगितला, त्यात एकट्या विदर्भाचा सुमारे १,२४६ कोटी. मग निर्देशांक आणि अनुशेष समिती आली, मग केळकर समिती आली. शेवटी सिंचनाचा अनुशेष उरला तो अमरावती, अकोला, वाशिम आणि बुलढाणा या चारच जिल्ह्यांत. सगळ्यांचं ताट वाढून झालं, आम्ही मात्र हात धुऊन पाटावर बसलेलो.

घटनेच्या कलम ३७१(२) मध्ये या वाटणीवर लक्ष ठेवायला विकास मंडळांची सोय १९५६ पासून आहे. ती मंडळं आपण १९९४ साली आणलीत, त्यासाठी अडतीस वर्षं विचार केलात. ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली तेव्हा मात्र जराही वेळ न लावता ती संपू दिलीत. काट्यावर माणूसच राहिला नाही.

मधल्या काळात काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग आले आणि शेतकरी आत्महत्यांच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्या सहांपैकी पाच जिल्हे आमच्या अमरावती विभागाचे, सहावा वर्धा. त्या पाच जिल्ह्यांत अनुशेषाचे ते चारही आहेत. या दोन याद्या आपल्याच दप्तरात आहेत, साहेब. कधीतरी एकाच टेबलावर शेजारी शेजारी ठेवून वाचाव्यात, ही हात जोडून विनंती.

आणि आमचे पोट्टे! ते आपण सांभाळलेत. पुण्याच्या कंपन्यांत, चाकणच्या कारखान्यांत, पेठांतल्या स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकांत वऱ्हाडी बोली ऐकू येते. दिवाळीला ते ट्रॅव्हल्सचं दामदुप्पट भाडं भरून गावी येतात आणि भाऊबीज झाली की निघतात. आई डब्यात सरगुंडे बांधून देते. गावात मागे म्हातारी माणसं आणि मक्त्याने दिलेलं वावर. एकेकाळी राज्य बदललं आणि आम्ही घरीच राहिलो. या पोरांचं राज्य तेच आहे आणि घर सुटलं.

मला वेगळं राज्य मागायचं नाही. मी मराठी माणूस आहे आणि मला आपल्याच घरात राहायचं आहे. म्हणून मागणं लहान ठेवतो. विकास मंडळं पुन्हा नेमा. पुढच्या नागपूर अधिवेशनात पहिल्या दिवशी चार जिल्ह्यांच्या सिंचनाचा तक्ता सभागृहात ठेवा: कोणता प्रकल्प, किती पैसा दिला, किती वावरांत पाणी पोचलं. आणि त्या मुक्कामात एक दिवस दर्यापूरकडे या. चहा आम्ही देऊ, त्या भागातल्या विहिरीच्याच पाण्याचा.

कळावे, लोभ आहेच, तो आकड्यात दिसावा.

आपला आज्ञाधारक,
एक वऱ्हाडी