पाणंदीचे कैवारी

पुण्यातल्या बऱ्यापैकी सायकलच्या दुकानात एक स्टूल असते. ते गिऱ्हाइकासाठी आहे असा मालकाचा समज असतो. शनिवारी संध्याकाळी त्यावर ग्रॅव्हलराव बसलेले असतात. वय पंचेचाळिशीपुढचे, नोकरी संगणकावरची, पोटऱ्या कातलेल्या, पोट मात्र अजून वाटाघाटीत. विकत काही घेत नाहीत, पण आत आलेल्या नवख्याला मालकाच्या आधी गाठतात. मुलासाठी गिअरची सायकल बघायला आलेला गृहस्थ अर्ध्या तासाने टायर ४० मिलिमीटरचा बरा की ४५चा, या पेचात पडतो आणि रिकाम्या हाताने घरी जातो. मालक हे हसत गिळतो, कारण रविवारच्या राइडला माणसे जमवणारेही तेच.

एके काळी ते डांबरी होते. सिंहगड, बोपदेव, दिवेघाट हे त्यांचे तीर्थाटन. मग २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे लांब पल्ल्याची सायकलफेरी, साडेतेरा तासांच्या मुदतीत पुरी करून पदक दिवाणखान्यात टांगले. पुढे कुणीतरी त्यांना अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावची ग्रॅव्हल, म्हणजे खडीच्या कच्च्या रस्त्यांवरची, शर्यत दाखवली. २००६ साली ३४ जणांनिशी सुरू झालेली, आता अनबाउंड ग्रॅव्हल या नावाने हजारोंना ओढणारी. मुख्य शर्यत २०० मैलांची, आणि तिथल्या फ्लिंट हिल्स टेकड्यांमधली धारदार गारगोटी टायर चिरते ती वेगळीच. त्या दिवसापासून डांबर त्यांना अळणी लागते.

‘हवा किती?’ हा त्यांचा नमस्कार. पस्तीस पीएसआय म्हणणाऱ्याला ते ‘तीस कर’ म्हणतात, तीसवाल्याला ‘रिम ठोकशील’ म्हणून घाबरवतात. ट्यूबलेस टायरातल्या सीलंटवर तर त्यांची अढळ श्रद्धा. बाभळीचा काटा घुसला तरी ते पांढरे दूध भोक आपोआप बुजवते, हे त्यांनी दुकानाच्या दारातल्या चहावाल्यालाही पटवले आहे. एकदा मुळशीकडे त्यांचाच टायर बसला. दुकानातल्या मेकॅनिक पोराने टायर उचकटून आत बोट फिरवले. बोट कोरडे.

‘काका, दूध कधी घातलं होतं?’

‘दिवाळीत.’

तेव्हा मे महिना चालू होता.

त्यांचे खरे कर्तृत्व म्हणजे दुकानाची वार्षिक ग्रॅव्हल राइड. बक्षीस नाही, नंबर नाही, शेवटी मिसळ. मार्गासाठी ते रात्र रात्र उपग्रहाचे नकाशे चाळतात: कुठे पाणंद, कुठे पाटाकडेची वाट, कुठे मुरुमाची चढण. सरकारी योजनांचाही अभ्यास दांडगा. २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा फलक दिसला की त्यांना धसका बसतो. म्हणजे आणखी एक रस्ता गेला. उलट शेत-पाणंद रस्त्यांची २०२१ची मातोश्री योजना त्यांना प्रिय, कारण ती बहुतेक खडी-मुरुमापाशी थांबते.

यंदा एका गावी मार्गाच्या पाहणीला गेले तर हेल्मेट, काळा चष्मा आणि हँडलवरचे यंत्र बघून सरपंच लगबगीने पुढे आले.

‘साहेब, रस्त्याचं कधी होतंय?’

‘आम्ही सरकारी नाही. आम्हाला असाच रस्ता हवाय.’

‘असाच?’ सरपंचांनी पायाखालच्या खडीकडे पाहिले. ‘मग पावसाळ्यात या. एसटीसुद्धा येत नाही.’

तरी पाहुण्यांना नाही म्हणायची गावाची रीत नव्हती. पाणी, लिंबू सरबत, शाळेचे पटांगण, सगळ्याची सोय करायचे सरपंचांनी कबूल केले. ग्रॅव्हलरावांनी दुकानात येऊन जाहीर केले की एवढा खडतर टप्पा अख्ख्या जिल्ह्यात सापडायचा नाही. तीसच्या वर हवा भरणाऱ्याने घरीच बसावे.

राइडच्या रविवारी सगळा जथा त्या टप्प्याशी पोहोचला. शहरातली माणसे येणार म्हणून आदल्या दिवशी ग्रामपंचायतीने जेसीबी लावून खड्डे बुजवले होते, वर रोलर फिरवला होता आणि धूळ उडू नये म्हणून टँकरने पाणीही मारले होते. सरपंच हार घेऊन उभे.

ग्रॅव्हलरावांनी हार गळ्यात घालून घेतला, आभार मानले आणि मागे वळून हळूच सांगितले, ‘पंप काढा. सगळ्यांनी पन्नास करा.’