पळावे तर अँटवर्पपर्यंत

पंजाब नॅशनल बँकेच्या सुमारे 13 हजार कोटींच्या घोटाळ्यातले आरोपी मेहुल चोक्सी 2018 च्या जानेवारीत देशाबाहेर गेले आणि एप्रिल 2025 मध्ये बेल्जियममधल्या अँटवर्प शहरात सापडले. यंत्रणांच्या या चिकाटीचे कौतुक करावे तेवढे थोडे. त्याहून कौतुकाचा आहे तो पाहुणचार. ते परत मिळावेत म्हणून सरकारने बेल्जियमला लेखी हमी दिली: आर्थर रोड तुरुंगाच्या बराक क्रमांक 12 मध्ये माणशी किमान तीन चौरस मीटर जागा, कापसाची गादी, उशी, पांघरूण, स्वच्छ पाणी आणि चोवीस तास वैद्यकीय सेवा.

ही योजना उमरेड तालुक्यातही तातडीने लागू व्हावी. नागपूरच्या एसटीत दांडीला लोंबकळणाऱ्यांनी जागेसाठी, नळाच्या रांगेत गुंड मांडून बसलेल्या बायांनी पाण्यासाठी अर्ज करावा. अट किरकोळ आहे: आधी फरार व्हावे. अर्जासोबत सातबारा, आधारची झेरॉक्स आणि अँटवर्पचा रहिवासी दाखला जोडावा.

पीककर्ज थकलेला शेतकरी मात्र अपात्र ठरेल. वसुलीची नोटीस घेऊन साहेब आले, की तो घरीच सापडतो, खुर्ची पुसून देतो, चहा पाजतो आणि विचारतो, “साहेब, सही कुठी करू?”