रफाराची भटकंती

लग्नपत्रिकेत वडीलधारे ‘आर्शीवाद’ देतात, सोसायटीच्या फलकावर इमारतीचा ‘पुर्नविकास’ होतो आणि कुठल्याशा योजनेच्या ‘अंर्तगत’ त्याला मंजुरीही मिळते. रफार मात्र सगळीकडे भलत्याच डोक्यावर. हटकलं की उत्तर तयार असतं: मराठीचे नियमच अवघड! ऱ्हस्व-दीर्घापुरती ही तक्रार मान्य. ‘गुरू’ एकटा असला की दीर्घ, ‘गुरुवार’ झाला की ऱ्हस्व. १९६२च्या शासनमान्य नियमांनी ही मेख मारून ठेवलीच आहे. पण रफाराला १९६२ कशाला हवं? ज्या अक्षराआधी ‘र्’ उच्चारायचा, त्याच अक्षरावर तो बसतो. तोंडाने सगळेच ‘आशीर्वाद’ म्हणतात. ‘आर्‌-शीवाद’ अजून कुणी दिलेला नाही. म्हणजे दोष नियमांचा नाही, कानाचाही नाही. लिहिलेलं वाचून न पाहण्याचा आहे.

‘अर्थ कळला ना, मग झालं!’ हा दुसरा बचाव. कळला की. पण त्याच पत्रिकेत नवरदेवाच्या इंग्रजी पदवीचं स्पेलिंग चुकलं, तर अर्थ कळूनही छापखान्यात भांडण होतं आणि गठ्ठाच्या गठ्ठा परत जातो. तेव्हा मजकूर छापायला देण्याआधी एकदा मोठ्याने वाचा. पुनर्मुद्रणाचा खर्च तरी वाचेल.