खुर्चीतून अर्धवट उठणारा माणूस

अमेरिकेतल्या एका बास्केटबॉल संघाच्या असिस्टंट कोचनं अचानक निवृत्ती घेतली आणि इकडे ग्वाल्हेरच्या लश्कर भागात चूल पेटली नाही. दौलतगंजातल्या पोरांनी डीपी काळे केले. एकानं 'युगाचा अंत' लिहिलं. दुसऱ्यानं फ्लेक्सवाल्याला 'भावपूर्ण निरोप' सांगितलं, तर त्यानं सवयीनं 'भावपूर्ण श्रद्धांजली' छापून टाकलं, आणि ते बाड्याच्या चौकात लागलंही. गृहस्थ तिकडे ठणठणीत आहेत. त्यांनी फक्त नोकरी सोडली आहे.

मी विचारलं, "अरे, पण हा करायचा काय?"

"काका, तुम्ही त्याचं उभं राहणं नाही पाहिलंत!"

मग मला ते मोबाइलवर दाखवण्यात आलं. हेड कोच रेषेशी उभा राहून ओरडतोय. मागं खुर्चीत आपला माणूस. समोर डिफेन्स फाटतो, तसा हा उठू लागतो. पूर्ण नाही. बूड खुर्चीपासून वीतभर वर, एक हात गुडघ्यावर, दुसऱ्या हातात पाटी. तेवढ्यात साहेब मागं वळतात आणि हा बसतो. संपलं. हे पोरांनी मला तीन कोनांतून दाखवलं, एकदा संथ गतीनं, एकदा पार्श्वसंगीतासह. बसताना एकाचे डोळे भरून आले.

त्यामागं नियम आहे, असंही मला सांगण्यात आलं. आंतरराष्ट्रीय नियमांत हेड कोच आणि पहिला असिस्टंट कोच यांच्यापैकी एका वेळी एकालाच उभं राहता येतं. अमेरिकन लीगचं नियमपुस्तक वेगळं आहे, पण शोकाकुल माणसाला असल्या गोष्टी सांगू नयेत.

खरं म्हणजे या अर्धवट उठण्याचं कौतुक ग्वाल्हेरला वाटावं यात नवल नाही. आमचं अख्खं शहरच त्या पोझमध्ये बसलेलं आहे. 1948 ला मध्यभारत राज्य झालं तेव्हा राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला, अशी वाटणी होती. इंदूर उभं राहिलं की आम्ही बसायचं, आम्ही उभे राहिलो की इंदूरनं बसायचं. 1 नोव्हेंबर 1956 ला दोघांनाही बसवून भोपाळ उभं राहिलं, ते अजून बसायचं नाव घेत नाही. आम्ही तेव्हापासून वीतभर वर आहोत. आणि शहराचं सोडा, इथल्या कुठल्याही मराठी मंडळाचा सहकार्यवाह पाहा. अध्यक्ष माइकपाशी, हा त्यांच्या मागं. अध्यक्ष पाहुण्यांचं नाव विसरले की हा उठतो, चिठ्ठी सरकवतो, बसतो. शाल आणायला उठतो, शाल अध्यक्षांच्या हातात देतो, बसतो. नारळ वाढवायला उठतो, तेवढ्यात नारळाला अध्यक्षांचा हात लागतो, की हा बसतो. फोटोत याचा एक कान येतो. खुर्च्या मोजून परत करणं, तंबूवाल्याचे पैसे, उरलेला चिवडा कोणाच्या घरी गेला याचा हिशेब, सगळं याच्याकडं. एक दिवस गुडघे धरतात, तो यायचा थांबतो, आणि पुढच्या गणपतीत चिठ्ठी न आल्यामुळं अध्यक्ष पाहुण्यांना भलत्याच नावानं हाक मारतात. एवढीच त्याची निवृत्ती. काळा डीपी ठेवत नाही कोणी.

आता मला जरा चिडू द्या.

याच शहरात पहाटे साडेपाचला, म्हणजे बरोबर ज्या वेळेला ही पोरं रजईत अमेरिकेचा सामना बघत असतात त्या वेळेला, धुक्यात एक असिस्टंट सर मैदानावर येतात. बॉलमध्ये हवा तेच भरतात. चुन्याच्या रेषा तेच मारतात. मुलींचा संघ परगावी जातो तेव्हा जनरलच्या डब्यात दाराशी पिशव्यांवर बसून जाणारे तेच, आणि बक्षीस घेताना फोटोत नसणारेही तेच. सरकारी नोकर मध्य प्रदेशात 62 व्या वर्षी निवृत्त होतो, त्याला हार मिळतो. मानधनावरच्या माणसाला निवृत्ती नसते. पुढच्या सत्रात त्याला बोलावणं येत नाही, बस्स. असे किती सर या गावात 'अचानक निवृत्त' झाले, ते कुठल्या मोबाइलवर दिसलं?

आणि ज्या कोर्टावर ते शिकवतात, त्याची दशा बघा. देवउठनी एकादशी झाली की देव उठतात आणि मुली बसतात, कारण कोर्टावर लग्नाचा मांडव पडतो. काँक्रीटमध्ये खुंट्या ठोकतात. खुंट्या जातात, भोकं राहतात. ड्रिबल करताना बॉल भोकावर पडला की तो कुठं जाईल हे त्या बॉललाही माहीत नसतं. रिंग जमिनीपासून 3.05 मीटर उंच असावी असं जगभर ठरलेलं आहे. आमच्याकडं तिच्यावर झुंबर टांगलं जातं, वऱ्हाड गेल्यावर ती मान खाली घालून उभी असते, आणि मुली त्या वाकलेल्या रिंगवर नेम धरायला शिकतात. परगावच्या सरळ रिंगवर मग तोच नेम चुकतो. हरून आल्या की हेच शोकाकुल चाहते म्हणतात, "यार, अपने यहाँ टॅलेंट ही नहीं है." टॅलेंट नाही? कोर्टात शामियान्याची भोकं आहेत रे! भारताचा पुरुष संघ ऑलिंपिकला एकदाच गेला, 1980 ला मॉस्कोला, हे त्या फ्लेक्सवरच्या एकाही 'शोकाकुल'ला ठाऊक नव्हतं. मी विचारून पाहिलं. एक म्हणाला, "काका, ते जुनं आहे."

असो. शोकसभा रविवारी झाली. दोन मिनिटं स्तब्धता पाळायची होती, पण नियमाप्रमाणं एका वेळी किती जणांनी उभं राहायचं यावर वाद झाला आणि सगळे समोसे खायला बसले.

पोरांनो, ज्यांना असिस्टंट कोचबद्दल खरोखर एवढं वाटतं, त्यांच्यासाठी जागा रिकामी आहे. सरांना बॉलची जाळी उचलायला आणि भोकांत सिमेंट भरायला माणूस हवा आहे. पगार नाही. वेळ पहाटे साडेपाच. येताना घमेलं आणि थापी घेऊन या.